तालुक्याला हृदयरोगतज्ज्ञ नाही, म्हणून आईबाबांनी गाव सोडायचं का?

प्रश्न : डॉक्टर, मी पुण्यात नोकरी करते. आईबाबा सिंधुदुर्गात, किनाऱ्याजवळच्या आमच्या गावी राहतात. बाबा ७१ वर्षांचे, आई ६६. बाबांना बरीच वर्षं मधुमेह आहे. गेल्या ऑगस्टमध्ये पहाटे साडेचारला त्यांच्या छातीत जळजळायला लागलं. पित्त झालं असेल म्हणून त्यांनी सोडा घेतला, ओटीवर येरझाऱ्या घातल्या आणि पोरांना उठवायचं नाही असं आईला बजावलं. साडेसहाला आईने मला फोन केला, मी दादाला केला. शेजारच्यांची गाडी निघेपर्यंत साडेसात वाजले. आठला तालुक्याच्या रुग्णालयात पोचले. तिथे ईसीजी काढून ‘हार्ट अ‍ॅटॅक आहे, पुढे न्या’ असं सांगितलं. पुढे म्हणजे कुठे, यावर आमचं फोनवर तासभर चाललं. एक काका म्हणाले ओरोसचं जिल्हा रुग्णालय, दुसरे म्हणाले गोव्यातलं बांबोळी, दादाच्या ओळखीचे डॉक्टर कोल्हापूरला. साडेनऊला निघाले आणि घाट चढून साडेबाराला कोल्हापुरात पोचले. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट घातला, बाबा वाचले. पण उशीर झाल्यामुळे हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

आता डोंबिवलीचा दादा म्हणतो, घर बंद करून दोघांना घेऊन येऊ. बाबांचं एकच, ‘माका काय होवचा ता हयसरच होवंदे.’ आई काहीच बोलत नाही. पुण्यात माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर चार हृदयरोगतज्ज्ञ आहेत आणि माझ्या माहेरच्या अख्ख्या तालुक्यात एकही नाही. मला याचा फार राग येतो. त्यांना तिथे राहू देणं हा आमचा निष्काळजीपणा आहे का? – अ., पुणे

उत्तर :

प्रिय अ.,

तुमचं पत्र वाचल्यावर मी पहिल्यांदा कागद घेतला आणि वेळांची बेरीज केली. साडेचार ते साडेबारा, म्हणजे आठ तास. त्यातला अर्धा तास गावातून तालुक्याला जाण्यात गेला, तीन तास तालुक्यातून कोल्हापूरला. गाडीचे झाले साडेतीन तास. उरलेले साडेचार तास बाबा ओटीवर, अंगणात आणि रुग्णालयाच्या बाकड्यावर होते.

हे तुम्हाला टोचायला सांगत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ३१ वर्षं फिजिशियन म्हणून काम केलं, आणि हीच बेरीज मी किती घरांसाठी केली असेल याला गणती नाही. बहुतेक वेळा ती अशीच येते. रस्ता खातो त्याहून जास्त वेळ आपण ठरवण्यात घालवतो. तज्ज्ञ दूर आहे हे खरं, आणि त्यावर मी पुढे बोलणारच आहे. पण कोल्हापूर जवळ आणणं तुमच्या हातात नाही. ते साडेचार तास बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहेत. म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : बाबांना गावी राहू देणं हा निष्काळजीपणा नाही. पण गेल्या ऑगस्टमध्ये जसं चाललं होतं तसंच पुढे चालू ठेवलं, तर तो नक्की होईल.

आता त्या सकाळी सव्वाआठला काय व्हायला हवं होतं ते सांगते, कारण हे आपल्याकडे फार कमी घरांना माहीत असतं. ईसीजीवर झटका दिसला, त्या क्षणी तुमच्या बाबांना सगळ्यात आधी हृदयरोगतज्ज्ञ लागत नव्हता. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज नावाचं. ईसीजीत निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर आधी हे इंजेक्शन द्यावं आणि मग पुढे पाठवावं, असं जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांनीच ठरवलेलं आहे. दुखायला लागल्यापासून पहिल्या तीन तासांत त्याचा गुण सर्वांत चांगला येतो, पुढे तो उतरत जातो, पण बारा तासांपर्यंत काही ना काही मिळतो. ते द्यायला फिजिशियन पुरतो. नीट शिकवलेला एमबीबीएस डॉक्टरही मोबाइलवर ईसीजी पाठवून, वरच्या डॉक्टरांशी बोलून ते देऊ शकतो. त्यानंतर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात न्यावंच लागतं, साधारण २४ तासांच्या आत अँजिओग्राफी म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी व्हावी लागते. पण तो प्रवास मग श्वास रोखून करावा लागत नाही.

बाबांना ते का दिलं गेलं नसेल? रुग्णालयात नसेल, देणारा हजर नसेल, किंवा मधुमेहामुळे डोळ्यात रक्तस्राव, पूर्वीचा अल्सर असं काही असल्याने धोका वाटला असेल. कोल्हापूरच्या डिस्चार्ज कार्डावर ‘थ्रोंबोलिसिस’, म्हणजे औषधाने गुठळी विरघळवणं, हा शब्द कुठे आहे का बघा. नसेल तर पुढच्या तपासणीला हृदयरोगतज्ज्ञांना सरळ विचारा, ‘पुन्हा असं झालं तर गावाकडे हे इंजेक्शन यांना चालेल का?’ उत्तर त्यांच्याकडून केसपेपरवर लिहून घ्या, तोंडी नको. रात्री अडीच वाजता ड्युटीवर असलेल्या पंचवीस वर्षांच्या डॉक्टरला त्या एका ओळीने केवढा धीर येतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तुमच्या रागाबद्दल बोलते. राग रास्त आहे. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत, देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या दर्जाच्या ठिकाणी, लागणाऱ्या तज्ज्ञांपैकी सुमारे ८० टक्के कमी होते. आणि हे तज्ज्ञ म्हणजे हृदयरोगवाले नव्हेत. फिजिशियन, सर्जन, स्त्रीरोग, बालरोग, या साध्या चार खुर्च्या. पाचात चार रिकाम्या.

हे फक्त डॉक्टरांच्या लोभामुळे होतं असं लोक म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं. लोभ आहे, नाकारत नाही. पण आमच्या गावची एक गोष्ट सांगते. आमच्याकडे एक सर्जन नऊ वर्षं होते. हात चांगला, माणूस चांगला, फी माफक. त्यांच्यासाठी भूल द्यायला एकच भूलतज्ज्ञ होते, तेच शेजारच्या दोन तालुक्यांतही जायचे. त्यांच्या मुलीची दहावी झाली आणि ते कुटुंबासह ठाण्याला गेले. त्यानंतर सर्जनसाहेबांनी दीड वर्ष काढलं. अ‍ॅपेंडिक्स फुटायला आलेला मुलगा समोर, हत्यारं उकळलेली, आणि भूल द्यायला माणूस नाही, म्हणून त्याला अडीच तासांवर पाठवायचं. असं तीन-चारदा झाल्यावर एका संध्याकाळी ते माझ्याकडे चहाला आले आणि म्हणाले, ‘मी इथे सर्जन नाही राहिलो, चिठ्ठी लिहिणारा झालोय.’ पुढच्या जूनमध्ये तेही गेले. एक माणूस गेला की त्याच्यावर टेकलेली बाकीची कामंही खाली येतात. भूलतज्ज्ञ नाही म्हणून सिझेरियन नाही, सिझेरियन नाही म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ टिकत नाही, बाळंतपणं नाहीत म्हणून बालरोगतज्ज्ञाला काम नाही.

हृदयरोगाचं तर आणखी अवघड. कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी जिथे करतात ती जागा, एका डॉक्टरवर चालत नाही. तिथे तंत्रज्ञ हवेत, शिकलेल्या सिस्टर हव्यात, आणि चोवीस तास सेवा द्यायची तर पाळीने झोपणारे तीन-चार हृदयरोगतज्ज्ञ हवेत. एकटा असेल तर तो वर्षाचे ३६५ दिवस फोन उशाला घेऊन झोपणार, आणि कधीतरी मोडणार. शिवाय हात चालता राहायला केसेसची संख्या लागते. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८ लाख ६९ हजारांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती साडेआठ लाखांवर आली. वाढली नाही, घटली. तुम्ही पुण्याला गेलात, दादा डोंबिवलीला, आमच्या भूलतज्ज्ञांची मुलगी ठाण्याला. सगळे एकाच वाटेने गेले, आणि मागे राहिली ती सत्तरीतली माणसं, ज्यांना हृदयरोगतज्ज्ञ सगळ्यात जास्त लागतो. यात तुमची चूक नाही. माझीही दोन्ही मुलं बाहेरच आहेत.

सरकारने काही केलंच नाही असंही नाही. सरकारी महाविद्यालयातून शिकणाऱ्यांना एक वर्ष सरकारी सेवा करण्याचा बाँड आहे, आणि तो मोडला तर एमबीबीएसला १० लाख, पदव्युत्तरला ५० लाख असा दंड आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, रत्नागिरीतही झालं. मला बाँडपेक्षा महाविद्यालयांकडून जास्त आशा आहे. बाँडवर आलेली मुलं कॅलेंडरवर दिवस खोडत बसतात. पण वेंगुर्ल्याची मुलगी ओरोसला शिकली, तिथेच तिने पदव्युत्तर केलं, तर ती या मातीत राहण्याची शक्यता बरीच जास्त. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० साली ग्रामीण भागात डॉक्टर टिकवण्याच्या शिफारशी केल्या, तेव्हा ग्रामीण घरांतली मुलं निवडा, त्यांना शहराबाहेर शिकवा, हेच आधी सांगितलं. मात्र याला फळ धरायला दहा-पंधरा वर्षं लागतील. तोवर तुमचे बाबा ८५ चे होतील. तेव्हा आता घरी काय करायचं ते बघू.

पहिलं काम तुमचं आणि दादाचं, आणि ते फोनवर बसून होण्यासारखं आहे. आजच्या शांत दिवशी ठरवून टाका, झटका आला तर कुठे जायचं. ओरोसचं जिल्हा रुग्णालय, पडव्याचं खाजगी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, कणकवली-कुडाळकडची खाजगी रुग्णालयं, गोव्यात बांबोळी, घाटावर कोल्हापूर. प्रत्येक ठिकाणी फोन करून तीनच गोष्टी विचारा. गुठळीचं इंजेक्शन चोवीस तास मिळतं का, अँजिओप्लास्टी रविवारी रात्रीही होते का, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना हृदयविकारासाठी तिथे लागू आहे का. ‘सगळ्या सोयी आहेत’ या उत्तरावर फोन ठेवू नका. ‘काल रात्री दोन वाजता पेशंट आला असता तर कोणी केली असती?’ असं विचारा. खरं उत्तर या प्रश्नाला मिळतं. जनआरोग्य योजनेचं विमाकवच आता कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत आहे, पण त्यात नोंदलेल्या रुग्णालयातच ते चालतं. रेशनकार्ड आणि आधारच्या प्रती आत्ताच काढून ठेवा.

बांबोळीबद्दल, म्हणजे तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजबद्दल एक. दोडामार्ग-सावंतवाडीच्या माणसाला ते पिढ्यान्‌पिढ्या आपलंच वाटत आलं आहे. १८४२ साली पोर्तुगीजांनी पणजीत सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेचा तो वारसा, आणि सीमेच्या अलीकडच्या किती माणसांना त्याने जगवलं आहे. २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क आहे. जायचं असेल तर जा, खुशाल जा, पण खर्चाचं आधी विचारून घ्या, म्हणजे खिडकीपाशी उभं राहून काकांना फोन करायची वेळ येणार नाही. तुमचं गाव त्या बाजूला किती आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडचं असेल तर बांबोळीचा विचार जरूर करा. घाट चढावा लागत नाही, ही पावसाळ्यात फार मोठी गोष्ट आहे.

घाटाचं आलंच आहे तर दादाच्या म्हणण्याकडे वळते. डोंबिवलीत तज्ज्ञ जवळ आहेत, मान्य. पण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, दिवसभर सून-मुलगा कामाला गेल्यावर, सकाळी सहाला कलमांत फेरी मारणारा माणूस काय करतो हेही मी पाहिलं आहे. तो खुर्चीत बसतो. चालणं थांबतं, साखर चढते, रात्रीची झोप जाते, आणि सहा महिन्यांत औषधाच्या गोळ्या वाढतात. हृदयाला स्टेंट जितका लागतो तितकंच रोजचं चालणंही लागतं. गावी बाबांना ते कोणी सांगावं लागत नाही.

तरी दादाचं अर्धं म्हणणं मला पटतं, आणि ते अर्धं बाबांना पटेल अशा रीतीने मांडता येईल. पावसाळ्यात त्यांना तुमच्याकडे आणा. जूनमध्ये कलमांना खत घालून झालं, भात लावून झालं की निघायचं. आषाढ-श्रावणात फोंडा, करूळ, भुईबावडा, आंबोली, कुठल्या घाटात कधी दरड येईल सांगता येत नाही, वीज जाते, फोन लागत नाही. त्या दिवसांत ते पुण्यात राहतील, त्याच मुक्कामात हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टूडी एको, डोळे, किडनी, सगळ्या तपासण्या उरकतील. आणि चतुर्थीच्या आठ दिवस आधी त्यांना गावी पोचवायचं, हे तुम्ही त्यांना शब्द देऊन सांगायचं. ‘गणपतीक घरी’ हे नक्की असेल तर कोकणातला म्हातारा माणूस पुष्कळ गोष्टींना तयार होतो. झटका महिना बघून येत नाही, हे मला कळतं. पण रस्ता बंद असण्याचे दिवस तरी टळतात.

उरलेल्या नऊ-दहा महिन्यांसाठी त्यांना गावाजवळ एक कायमचा डॉक्टर हवा. हृदयरोगतज्ज्ञ असायची गरज नाही. तालुक्यातला फिजिशियन असो, की वर्षानुवर्षं दवाखाना चालवणारा फॅमिली डॉक्टर असो. महिन्यातून एकदा तिथे जाऊन बीपी, साखर, वजन, पायावरची सूज बघून घ्यायची. कोल्हापूरचं कार्ड त्यांना दाखवा, त्यांचा नंबर कोल्हापूरच्या डॉक्टरांना द्या. दोन डॉक्टर एकमेकांना नावाने ओळखायला लागले की अंतराची धार बरीच कमी होते. मधल्या शंकांसाठी ई-संजीवनी ही सरकारी सेवा आहे, मोबाइलवरून डॉक्टरांशी फुकट बोलता येतं. पण ती रिपोर्ट समजून घ्यायला, गोळ्यांच्या शंका विचारायला. छातीत दुखत असताना कोणी व्हिडिओ कॉल लावत बसू नये.

गोळ्यांचं फार जपा. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या देतात. त्या मनाने बंद करायच्या नाहीत, दाढ काढायची असली तरी नाही, आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारायचं. गावाकडे काय होतं की मेडिकलमध्ये तोच ब्रँड नसतो, मग ‘पुढच्या सोमवारी येईल’, आणि माणूस पाच दिवस गोळीविना काढतो. गोळीचं मूळ नाव चिठ्ठीवर लिहून घ्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीची तीच गोळी घेता येईल, आणि घरात एक महिन्याच्या गोळ्या नेहमी शिल्लक ठेवा.

आता एक कागद. आमच्याकडे एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरांच्या पत्नी होत्या, शिक्षण चौथीपर्यंत. नवऱ्याला पहिला झटका येऊन गेल्यावर मी त्यांना म्हटलं होतं, फोन नंबर लिहून ठेवा. त्यांनी जुन्या कालनिर्णयच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या मागे चिकटवलं. वर १०८. त्याखाली रिक्षावाल्या पुतण्याचा नंबर. त्याखाली माझा. खाली चौकट काढून तिच्यात चावी कुठे, पैसे कुठे, फाइल कुठे. दोन वर्षांनी एका रात्री नवऱ्याला दरदरून घाम सुटला. छातीत दुखत नव्हतं, नुसता घाम आणि धाप. बाईंनी कोणाला विचारलं नाही. पुतण्याला उठवलं आणि चाळिसाव्या मिनिटाला माझ्यासमोर उभ्या. काखेत फाइल, आणि तिच्यात सगळ्यात वर पहिल्या झटक्यानंतरच्या ईसीजीची झेरॉक्स. ती का महत्त्वाची? नव्या ईसीजीतला बदल जुना शेजारी ठेवल्याशिवाय नीट कळत नाही, विशेषतः एकदा झटका येऊन गेलेल्याचा. आणि मूळ ईसीजीचा कागद आपल्या दमट हवेत वर्षभरात पांढरा होतो. तुमच्याकडे बाबांचा ईसीजी असेल तर या आठवड्यात त्याची झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटोही ठेवा. इंजेक्शन नवऱ्याला मी दिलं. मुंबईतल्या मुलाला बाईंनी फोन केला तो त्यानंतर, पहाटे, रुग्णालयाच्या बाहेरच्या पायरीवर बसून.

तुमच्या पत्रात हेच उलटं झालं आहे, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते तुमच्या आईबद्दल. ती काहीच बोलत नाही, असं तुम्ही लिहिता. त्या पहाटे साडेचारपासून ती जागी होती. काहीतरी बिनसलंय हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं असणार. पण नवरा म्हणाला उठवू नको, म्हणून ती दोन तास थांबली. मग तिने तुम्हाला विचारलं, तुम्ही दादाला, दादाने ओळखीच्या डॉक्टरांना. जी व्यक्ती शेजारी उभी होती तिच्याकडेच निर्णय नव्हता. तो पुण्यात आणि डोंबिवलीत होता.

तो तिला द्या, तोंडाने सांगून द्या, आणि बाबांच्या समोर द्या. ‘आई, तुला वाटलं की न्यायचं, की न्यायचं. पित्त निघालं तरी कोणी तुला बोलणार नाही. भाडं वाया गेलं तरी चालेल. आम्हाला नंतर कळव.’ मधुमेही माणसाला छातीत कळ येईलच असं नाही, घाम, धाप, मळमळ, जबडा किंवा डावा हात दुखणं, एकदम गळून जाणं, यातलं काहीही पुरे. हे तिला स्वतःसाठीही सांगा. बायकांमध्येही झटका असाच लपून येतो, आणि ६६ वर्षांच्या तुमच्या आईचा ईसीजी शेवटचा कधी काढला, हे पत्रात कुठेच नाही.

घरातून निघण्याआधी अ‍ॅस्पिरिनची गोळी चघळायला द्यायची का आणि किती, हे बाबांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ती गोळी त्या कागदाशेजारीच टाचून ठेवा. १०८ ची गाडी लवकर येण्यासारखी असेल तर तीच बरी. राज्यात २०१४ ला ९३७ रुग्णवाहिका घेऊन ही सेवा सुरू झाली, आणि तिच्यात डॉक्टर असतो. गाडी दूर असेल तर मात्र वाट बघत बसू नका, शेजारच्यांची गाडी काढा. त्यांच्याशीही आधी बोलून ठेवा, रात्रीचं कोण चालवेल ते.

काही गोष्टी घडल्या तर माझं उत्तर बदलेल. एकोत हृदयाचं पंपिंग फारच कमी आलं, धाप लागून वर्षात दोन-तीनदा भरती व्हावं लागलं, किडनीसाठी डायलिसिस सुरू करावं लागलं, किंवा आईलाच उठवेना झालं, तर त्यांना शहरात किंवा निदान कुडाळ-कणकवलीसारख्या ठिकाणी भाड्याच्या घरात हलवा. तेव्हा बाबांचं ऐकू नका. आज त्या अटी आहेत असं तुमच्या पत्रावरून दिसत नाही.

आणि तो राग टाकून देऊ नका, त्याला काम द्या. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. गावी जाल तेव्हा अधीक्षकांना भेटा. कॅथलॅब मागू नका, ती मिळाली तरी चालवणारे लगेच मिळणार नाहीत. गुठळीचं इंजेक्शन शिल्लक किती, त्याची मुदत कधी संपते, रात्रीच्या ड्युटीच्या डॉक्टरने ईसीजी कोणाला पाठवायचा हे ठरलंय का, एवढंच विचारा, आणि बाबांची हकीकत वेळांसकट लेखी द्या. रागावलेल्या नातेवाइकांचे अर्ज मी पुष्कळ पाहिले. वेळा लिहिलेला अर्ज मात्र अधीक्षकांना वर पाठवता येतो, त्यावरून मागणी करता येते. आणि तिथे एखादी नवी डॉक्टर मुलगी आलेली दिसली तर तिला घरी जेवायला बोलवा, राहायला नीट खोली मिळाली का विचारा. मी तरुणपणी त्या गावात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका शिक्षकबाईंनी मला कुळथाची पिठी आणि भात वाढला होता. मी तिथे का राहिले याची बरीच कारणं मी लोकांना सांगत आले, पण सुरुवात तिथे झाली.

येत्या शनिवारी गावी जाताय का? तर स्केचपेन घेऊन जा. अक्षरं आईच्या मापाने मोठी काढा, तिने चष्मा न लावता, झोपेतून उठून वाचायची आहेत. लिहून झाल्यावर तिलाच मोठ्याने वाचायला सांगा, आणि पहिला नंबर तिच्याच हाताने एकदा लावून बघा.